चिंतेला ताटातून उतार?

परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न येणे, मूल वेळेवर घरी पोचले नाही की जीव टांगणीला लागणे, अशी चिंता सगळ्यांच्याच वाट्याला येते आणि कारण सरले की निवळते. कारणाच्या मानाने फार मोठी, महिनोन्‌महिने टिकणारी आणि रोजच्या कामात आडवी येणारी चिंता वेगळी. तिला वैद्यकात चिंताविकार म्हणतात. कशाची ना कशाची सतत काळजी लागून राहणारा सार्वत्रिक चिंताविकार, अचानक जीव घाबरा करून सोडणारे पॅनिक अ‍ॅटॅक, चारचौघांत बोलण्याची धास्ती हे त्याचे नेहमी दिसणारे प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ साली जगात ३० कोटींहून अधिक लोकांना चिंताविकार होता आणि त्यांतल्या जेमतेम चौथ्या हिश्श्याला कसले तरी उपचार मिळत होते. भारतासाठी २०१७चा अंदाज सुमारे साडेचार कोटींचा आहे. उपचार इतके दुर्मीळ असताना, रोजच्या जेवणात बदल करून उतार पडेल का, असे लोकांनी विचारणे साहजिक आहे. आहारातल्या प्रत्येक गोष्टीसाठी त्याचे उत्तर सारखे नाही. काही बाबतींत पुरावा पक्का आहे, काहींत आशा वाटावी इतपत आहे, आणि जिथे जाहिरात सर्वांत मोठी तिथे तो बहुधा सर्वांत तोकडा आहे.

चिंता मनाची खरी, पण ती कळते शरीरातून. मेंदूतील अमिग्डाला हा भाग धोका ओळखतो, मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो आणि अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, श्वास वरवर चालतो, पोटात गोळा येतो. हीच लक्षणे कोणताही धोका नसताना, निव्वळ शारीरिक कारणानेही उठतात. रक्तातील साखर घसरली, अंगात रक्त कमी असले, थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त चालू लागली किंवा कॅफिन जास्त झाले, तरी छाती तशीच धडधडते. ज्याला मुळात चिंताविकार आहे त्याला ती धडधड संकटाचीच वाटते, त्या वाटण्याने आणखी अ‍ॅड्रिनलिन सुटते आणि एकातून दुसरे वाढत जाते. खाण्यापिण्याचा चिंतेवरचा सर्वांत थेट परिणाम इथे होतो. दुसरा परिणाम संथ आहे. मेंदूला लागणारी पोषकद्रव्ये, शरीरातला बारीक दाह, आतड्यांतले जिवाणू यांच्यामार्फत तो आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने होतो. पहिल्याबद्दल ठामपणे बोलता येते. दुसऱ्याबद्दल जपून बोलावे लागते.

पहिल्या गटात सर्वांत वरचे नाव कॅफिनचे. दिवसभर जागे राहिल्यावर मेंदूत अ‍ॅडिनोसिन साठत जाते आणि ते चेतापेशींना संथ करते. झोप येते ती त्यामुळे. कॅफिन अ‍ॅडिनोसिनच्या जागा अडवून बसते. संथ करणारा निरोप पोचत नाही, म्हणून तरतरी वाटते, आणि मात्रा वाढली की तरतरीची जागा कंप, धडधड व बेचैनी घेते. हे प्रयोगशाळेत वारंवार तपासून झाले आहे. पॅनिकच्या रुग्णांना एकदा कॅफिन आणि एकदा कॅफिन नसलेले तसेच पेय देऊन केलेल्या नऊ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२२ साली प्रसिद्ध झाले. एकूण २३७ रुग्णांपैकी निम्म्यांहून थोड्या जास्त जणांना कॅफिननंतर पॅनिक अ‍ॅटॅक आला. कॅफिन नसलेल्या पेयाने एकालाही आला नाही. निरोगी माणसांत असे झटके अगदी तुरळक आले, पण त्यांचीही चिंता वाढलीच. दिलेली मात्रा मोठी होती, चार-पाच कप कॉफीइतकी, आणि ती एका दमात दिलेली होती, हे इथे ध्यानात ठेवावे लागते. मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात कॅफिनमुळे होणाऱ्या चिंताविकाराला स्वतंत्र नोंद आहे.

महाराष्ट्रात हे कॅफिन येते ते मुख्यतः चहातून, आणि चहा कोणी मोजत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली काढलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, तितक्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि फिल्टर कॉफीसारख्या गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन धरले आहे. दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये असे तीच मार्गदर्शिका सांगते. कचेरीत जाणाऱ्या एखाद्या माणसाचा दिवस घ्यावा. उठल्याबरोबर एक कप, नाश्त्याबरोबर दुसरा, साडेअकराला टपरीवर कटिंग, जेवणानंतर सुस्ती येते म्हणून आणखी एक कटिंग, चारचा ऑफिसातला, घरी आल्यावर सगळ्यांबरोबरचा आणि कोणी भेटायला आले तर त्यांच्याबरोबरचा. कटिंग अर्धे धरले तरी हे सहा कप होतात. कडक उकळलेल्या चहाचे सहा कप ३९० मिलिग्रॅमपर्यंत जातात. मर्यादा इथेच मागे पडते, आणि वरून एनर्जी ड्रिंकचा कॅन आला की आकडा आणखी चढतो.

किती प्यायले याइतकेच महत्त्व केव्हा प्यायले आणि कोण प्यायले याला आहे. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीराबाहेर जायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातले अर्धे कॅफिन रात्री अकराला अंगात असते. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिनने झोप एका तासाहून जास्त घटते, असे २०१३च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी जागवून काढलेल्या एका रात्रीनंतर चिंतेची पातळी ३० टक्क्यांपर्यंत चढलेली नोंदवली आहे. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत कॅफिन दुप्पट वेळ टिकते, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही जास्त. सिगारेट ओढणाऱ्याचे यकृत कॅफिन लवकर संपवते. त्याने सिगारेट सोडली आणि चहा तेवढाच ठेवला, तर त्याच चहातून रक्तात जास्त कॅफिन राहते आणि होणारी बेचैनी सगळी सिगारेट सोडण्याच्या नावावर जाते. चिंता आणि मंत्रचळेपणासाठी दिले जाणारे फ्लुवोक्सामिन हे औषध कॅफिनचे विघटन इतके रोखते की एका कपाचा अंमल दुसऱ्या दिवसापर्यंत उरतो. हे औषध सुरू करताना रुग्णाला चहाबद्दल विचारलेच पाहिजे.

कॅफिन एकदम तोडण्याचा मात्र त्रास होतो. बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, मरगळ येते, चिडचिड होते आणि हे आठवडाभरही चालू शकते. चिंतेने बेजार झालेला माणूस या दिवसांत आणखी खचतो आणि पुन्हा कपाकडे वळतो. दर तीन-चार दिवसांनी एकेक कप कमी करणे, आधी संध्याकाळचा आणि मग दुपारचा, ही रीत बहुतेकांना झेपते. पॅनिकचा त्रास असलेल्याने तीन-चार आठवडे असा प्रयोग करून पाहावा इतका पुरावा या बाबतीत नक्कीच आहे. तो फुकट आहे आणि त्यात धोका काही नाही.

दारूचे गणित कॅफिनच्या उलट दिशेने चालते. पहिल्या तासात ती मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचे काम वाढवते, म्हणून ताण उतरल्यासारखा वाटतो. अंमल उतरताना मेंदू उलट बाजूला झुकतो: पहाटे तीन-चारला दचकून जाग, धडधड, कारण नसताना वाटणारी भीती. ती घालवायला संध्याकाळी पुन्हा पेला हातात घेतला जातो. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या चालू असताना दारू घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. याबाबत मतभेदाला जागा नाही.

भूक आणि साखर यांच्याबद्दल समज खूप आहेत. ‘शुगर लो झाली’ असे सर्रास म्हटले जाते, पण निरोगी माणसाचे यकृत साठवलेले ग्लुकोज सोडत राहते आणि एक जेवण चुकल्याने साखर धोक्याच्या पातळीखाली सहसा जात नाही. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची ती खरोखर घसरते, आणि तेव्हा येणारा घाम, थरथर व घबराट पॅनिकसारखीच दिसते. अशा वेळी तर्क करत न बसता ग्लुकोमीटरने साखर मोजावी. ती ७०च्या खाली असेल तर साखरपाणी द्यावे. इतरांच्या बाबतीत उपाशीपोटी होणाऱ्या बेचैनीचा मोठा भाग अ‍ॅड्रिनलिनचा असतो. साखर टिकवण्यासाठी शरीरच ते सोडते. उपासाच्या दिवशी जेवण नाही आणि चहा मात्र चार-पाच वेळा, ही जोडी म्हणूनच वाईट.

दीर्घकाळच्या उपासमारीने मनाचे काय होते याची सर्वांत तपशीलवार नोंद अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाली. दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार देणाऱ्या ३६ निरोगी तरुणांनी, युद्धानंतर उपाशी युरोपला परत कसे सावरावे हे कळावे म्हणून, स्वतःवर प्रयोग करू दिला. अ‍ॅन्सेल कीझ यांनी नोव्हेंबर १९४४पासून विद्यापीठाच्या स्टेडियमखालच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग चालवला. चोवीस आठवडे या तरुणांना दिवसाला जेमतेम १६०० कॅलरी मिळाल्या; बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असे ते जेवण असे. वजन चौथ्या हिश्श्याने उतरले. निवड करताना मुद्दाम खंबीर मनाचे तरुण घेतले होते, तरी ते चिडके, चिंतातुर आणि उदास झाले. ताट चाटून पुसून ठेवणे, घोटघोट पाणी पीत जेवण दोन तास लांबवणे, स्वयंपाकाची पुस्तके गोळा करून रात्री वाचत बसणे असे प्रकार सुरू झाले. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावरही मन लगेच ताळ्यावर आले नाही. एकाने सावरण्याच्या काळात कुऱ्हाडीने स्वतःची तीन बोटे तोडून घेतली. चिंता घालवण्यासाठी आहार कडक करत नेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग माहीत करून घ्यावा. कमी खाणे हे स्वतःच चिंतेचे कारण होऊ शकते.

भारतात उपासमारीपेक्षा जास्त पसरलेली गोष्ट म्हणजे पोट भरूनही राहणारी उणीव. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या वर होते. त्याच वयाच्या पुरुषांत देशभरात ते २५ टक्के आहे. रक्तक्षयात हृदयाला तेवढाच प्राणवायू पोचवायला जास्त धावावे लागते, म्हणून जिना चढताना धाप, बसल्याजागी धडधड, चक्कर, हातपाय गळून जाणे ही लक्षणे येतात. शिवाय सेरोटोनिन आणि डोपामिन तयार करणाऱ्या विकरांना लोह लागते, त्यामुळे रक्तातील हिमोग्लोबिन फार घसरलेले नसतानाही लोहाची कमतरता मनावर उमटू शकते. हे पोषणाचे प्रश्न घरातल्या रिवाजाशी बांधलेले आहेत. सगळ्यांना वाढून झाल्यावर बाई शेवटी बसते. तिच्या वाट्याला भाकरी आणि भात उरतो, पालेभाजीचा, डाळीचा, माशाचा तळ लागलेला असतो. जेवल्यावर ती चहा घेते, आणि जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेल्या चहाने धान्य-भाज्यांतील लोहाचे शोषण निम्म्याहून जास्त घटू शकते. मग छाती धडधडते म्हणून ती दवाखान्यात जाते आणि ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला घेऊन परत येते. तिचे हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय असा सल्ला देणे हा तिच्यावर अन्याय आहे. लोहाच्या गोळ्या, जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर, उसळीवर पिळलेले लिंबू आणि पहिल्या पंगतीत बसायला मिळणे, हे तिच्यासाठी मनाच्या उपचाराइतकेच खरे उपचार आहेत.

दुसरी उणीव बी-१२ जीवनसत्त्वाची, आणि तिच्याबद्दलचा महत्त्वाचा अभ्यास पुण्यातलाच आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली ४४१ पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत आसपासच्या खेड्यांतले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे तीन गट होते. एकूण ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ कमी होते. खातेपिते समजल्या जाणाऱ्या मध्यमवर्गीय गटात हे प्रमाण ८१ टक्के निघाले. बी-१२ वनस्पतींत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतूनच मिळते, आणि शाकाहारी घरात दुधाचे प्रमाण बहुधा चहापुरते असते. चेतातंतूंवरचे आवरण टिकवायला ते लागते. कमतरता वाढली की तळपायांना मुंग्या, विसराळूपणा, चिडचिड, उदासी आणि चिंता अशी लक्षणे येऊ शकतात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती जास्त आढळते. ज्याच्या अंगात बी-१२ पुरेसे आहे त्याला आणखी दिल्याने चिंता कमी होते, असा याचा अर्थ होत नाही. उणीव भरून काढणे आणि पुरेशावर भर घालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोळ्यांची जाहिरात नेमकी हीच सीमा पुसते.

सगळा आहारच सुधारला तर? या प्रश्नावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत ऑस्ट्रेलियात सर्वांत चिकाटीने काम झाले. फेलिस जॅका यांनी जिलॉन्ग शहराच्या परिसरातील २० ते ९३ वयाच्या १,०४६ स्त्रियांचा आहार आणि मानसिक आजार यांची सांगड घालून २०१० साली निबंध प्रसिद्ध केला. भाज्या, फळे, मांस, मासे, अख्खी धान्ये असा घरगुती आहार घेणाऱ्या स्त्रियांत नैराश्य आणि चिंताविकार दोन्ही कमी आढळले. पण अशा अभ्यासातून कोण कोणामुळे, हे सांगता येत नाही. चिंतेने ग्रासलेल्या बाईला स्वयंपाक करण्याचे त्राण उरत नाही, ती बिस्किटांवर भागवते. तेव्हा आहारामुळे चिंता की चिंतेमुळे आहार? २०२४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात पाकीटबंद अतिप्रक्रियायुक्त पदार्थ जास्त खाणाऱ्यांत चिंतेचे प्रमाण ४८ टक्क्यांनी जास्त दिसले. आकडा मोठा आहे, पण त्यामागचे बहुतेक अभ्यास याच जातीचे आहेत.

म्हणून जॅका आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष चाचणी केली. ‘स्माइल्स’ या नावाने ती ओळखली जाते आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली आले. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले आणि आहार निकृष्ट असलेले ६७ जण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला बारा आठवड्यांत सात वेळा आहारतज्ज्ञ भेटले. दुसऱ्या गटाशी तितकाच वेळ कोणीतरी खेळ, बातम्या, गाणी अशा साध्या विषयांवर गप्पा मारल्या किंवा पत्ते खेळले, म्हणजे नुसत्या सोबतीचा परिणाम वेगळा काढता यावा. आहाराच्या गटाला उपाशी ठेवले नव्हते. अख्खी धान्ये, रोज भाज्या आणि फळे, आठवड्यातून तीन-चारदा कडधान्ये, किमान दोनदा मासे, रोज मूठभर सुका मेवा, ऑलिव्ह तेल, थोडे मांस आणि अंडी; गोड, तळलेले आणि पाकिटातले आठवड्यातून तीनदाच. वजन कमी करणे हा हेतूच नव्हता आणि वजन बदललेही नाही. शेवटी आहाराच्या गटातील ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले, गप्पांच्या गटातील ८ टक्के. चिंतेच्या मोजमापातही आहाराचा गट पुढे राहिला. असा आहार महाग असतो ही शंकाही तपासली गेली: सहभागी आधी आठवड्याला सरासरी १३८ ऑस्ट्रेलियन डॉलर अन्नावर खर्च करत होते, सुचवलेल्या आहाराचा खर्च ११२ डॉलर आला.

या चाचणीवर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. आपण कोणत्या गटात आहोत हे सहभागींना कळतच होते. पौष्टिक जेवण सुरू केलेल्याला बरे वाटण्याची अपेक्षा असते आणि अपेक्षेनेही बरे वाटते. गप्पांच्या गटातून जास्त लोक गळाले. बहुतेक जण औषधे किंवा समुपदेशन आधीपासून घेत होते, त्यामुळे निष्कर्ष उपचारांच्या जोडीने केलेल्या आहाराबद्दल आहे. आणि ही चाचणी मुळात नैराश्याची होती. चिंतेबद्दल विचारायचे तर २०१९ साली जोसेफ फर्थ आणि सहकाऱ्यांनी आहारबदलाच्या १६ चाचण्या एकत्र मांडल्या. सहभागी ४५ हजारांहून अधिक होते. नैराश्याची लक्षणे थोडी पण निश्चित कमी झाली होती, स्त्रियांत जास्त. चिंता मोजणाऱ्या अकरा चाचण्या, २,२७० माणसे. त्यांत फरक इतका किरकोळ निघाला की तो योगायोगानेही येऊ शकला असता. ‘आहार बदला, चिंता पळवा’ असे सांगणारे बहुतेक लेख हा आकडा वगळतात. त्याचा अर्थ आहाराचा चिंतेशी संबंध नाही असाही होत नाही, कारण या चाचण्यांत चिंता हे बहुधा दुय्यम मोजमाप होते आणि सहभागींपैकी फार थोडे चिंताविकाराचे रुग्ण होते. पण आज जे सिद्ध आहे ते नैराश्याच्या बाजूचे आहे, आणि चिंतेसाठी ते उसने घेतले जात आहे.

आतड्यांतील जिवाणूंची कथाही अशीच, सुरुवातीला थक्क करणारी. जपानमधील क्युशू विद्यापीठात २००४ साली जन्मापासून निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांना थोडे कोंडून ठेवले, तर त्यांच्यात ताणाची संप्रेरके नेहमीच्या उंदरांपेक्षा फार जास्त उसळली; लहानपणीच एक विशिष्ट बिफिडोबॅक्टेरियम दिल्यावर ती आटोक्यात आली. २०११ साली आयर्लंडमधील कॉर्कच्या गटाने एका लॅक्टोबॅसिलसवर वाढलेले उंदीर कमी भित्रे झाल्याचे दाखवले. आतड्यांकडून मेंदूकडे जाणारी व्हेगस ही नस कापल्यावर हा परिणाम नाहीसा झाला, म्हणजे निरोप कोणत्या वाटेने जातो हेही सापडले. मग त्याच गटाने तोच जिवाणू २९ निरोगी पुरुषांना दिला. चिंता, ताण, झोप, स्मृती, कशातच फरक पडला नाही, आणि संशोधकांनी २०१७ साली ते मोकळेपणाने छापले. विज्ञानाचा हा प्रामाणिकपणा दह्याच्या जाहिरातींत उतरलेला नाही. शरीरातले ९० टक्क्यांच्या वर सेरोटोनिन आतड्यांत असते, हे वाक्य त्या जाहिरातींत नेहमी येते. वाक्य खरे आहे, पण ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू आपले स्वतःचे बनवतो.

दही, ताक, आंबील, इडली-ढोकळ्याचे आंबवलेले पीठ यांना चिंतेचे औषध म्हणता येणार नाही. ते उत्तम अन्न मात्र आहे. जिवाणूंना पोसणारे तंतू कांदा, लसूण, केळी, कडधान्ये आणि ज्वारी-नाचणीसारख्या धान्यांत भरपूर असतात. आहाराने मन घडते ही कल्पना भारतात जुनी आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस, तामस आहारांचे वर्णन आहे आणि पुढच्या परंपरेत कांदा-लसूण राजस-तामस गणले गेले. ज्याला श्रद्धेने चातुर्मास पाळायचा त्याने जरूर पाळावा. मन शांत होण्यासाठी कांदा-लसूण कायमचा सोडावा, या सल्ल्याला मात्र आतड्यांच्या शास्त्रातून आधार मिळत नाही.

पूरक गोळ्यांत ओमेगा-३ या माशांच्या तेलातील मेदाम्लांचा दावा त्यातल्या त्यात बळकट आहे. २०११ साली ओहायोत वैद्यकीय शाखेच्या ६८ निरोगी विद्यार्थ्यांना बारा आठवडे ओमेगा-३ किंवा दुसऱ्या तेलाच्या दिसायला तशाच गोळ्या दिल्या. ओमेगा-३च्या गटात चिंता २० टक्क्यांनी कमी राहिली. २०१८ साली १९ चाचण्यांच्या विश्लेषणात, विशेषतः दिवसाला २ ग्रॅम आणि त्याहून जास्त मात्रेत, चिंता काहीशी कमी झाल्याचे दिसले. चाचण्या एकमेकींपासून फार वेगळ्या होत्या, म्हणून हा निष्कर्ष सैलच धरावा. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरचे बांगडा आणि तारली हे स्वस्त मासे ओमेगा-३ने समृद्ध आहेत. महागडा मासा किंवा आयात केलेली बाटली यांची गरज नाही. जवसाच्या चटणीतले ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे असते आणि शरीर त्यातले थोडेच माशातल्या प्रकारात बदलू शकते, तरी शाकाहारी ताटात जवस असावे.

इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठात २०२२ साली महिनाभर रोज १०० मिलिग्रॅम बी-६ घेतलेल्या तरुणांनी चिंता कमी झाल्याचे सांगितले. ही मात्रा रोजच्या गरजेच्या पन्नासपटीहून जास्त आहे आणि जास्त काळ घेतल्यास बी-६ने चेतातंतू बिघडतात, हातपाय बधिर होतात. आपल्या मनाने घेण्याची ही वस्तू नव्हे. मॅग्नेशियमच्या बाबतीत छोट्या, कमकुवत चाचण्यांपलीकडे फारसे काही नाही. युरोपातील चार देशांत १,०२५ जणांवर झालेल्या ‘मूडफूड’ चाचणीत वर्षभर दिलेल्या अनेक पोषकद्रव्यांच्या गोळ्यांनी नैराश्य टळले नाही. गोळ्यांच्या बाटलीपेक्षा ताटावर भर देणे योग्य, असे म्हणायला एवढे पुरेसे आहे.

भूमध्य समुद्राकाठच्या आहारातली तत्त्वे मराठी स्वयंपाकघराला परकी नाहीत. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्या-जवसाची चटणी, कोशिंबीर, पालेभाजी, ताक, किनाऱ्यावर माशाचे कालवण हे त्याच तत्त्वांवर उभे आहे. बिघडले आहे ते प्रमाण. भात किंवा पोळीचा ढीग आणि कडेला चमचाभर भाजी, असे ताट बहुतेक घरांत दिसते. राष्ट्रीय पोषण संस्था मात्र दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगते. शहरात एकटे राहून शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलामुलींचे वडापाव, नूडल्स, बिस्किटे आणि चहा यांवर चालणारे दिवस हे ‘स्माइल्स’मध्ये घेतलेल्या लोकांच्या आधीच्या आहाराच्या फार जवळचे आहेत. आहार सुधारण्याचा फायदा मिळालाच तर तो अशांनाच सर्वांत जास्त मिळेल. आधीच चौरस जेवणाऱ्याच्या हाती आणखी बारकावे शोधत बसून फारसे लागणार नाही.

उलट, बारकाव्यांचा नाद चिंताग्रस्त माणसाला घातक ठरू शकतो. ग्लूटेन बंद, दूध बंद, साखर बंद, सातनंतर खाणे बंद असे नियम वाढत जातात, लग्नाकार्याला जाणे नको वाटते, बाहेरचा एक घास गेला की रात्रभर धास्ती लागते. शुद्ध आहाराच्या या ध्यासाला ‘ऑर्थोरेक्सिया’ हे नाव अमेरिकी डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी १९९७ साली दिले. चिंता तशीच राहते, तिचा विषय तेवढा बदललेला असतो. आहारबदलाने जेवणाची भीती वाढत असेल तर तो बदल थांबवणे हाच उपचार आहे.

चिंताविकारावर चांगले चालणारे उपचार आहेत: विचार आणि वर्तन बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धती, आणि एसएसआरआय गटातील औषधे. या औषधांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि ती एकाएकी थांबवली तर चक्कर, बेचैनी होते. आहार सुरू केला म्हणून गोळ्या सोडणे हे सर्वांत जास्त नुकसान करणारे पाऊल आहे. आहाराची जागा या उपचारांच्या शेजारी आहे, आणि त्यांच्या आधीही थोडी आहे: धडधड आणि घाबरेपणाची तक्रार घेऊन आलेल्या कोणालाही दिवसात किती चहा होतो, जेवणे किती चुकतात, दारू किती, मासिक पाळीत रक्तस्राव किती, मांसाहार-दूध किती, हे पहिल्याच भेटीत विचारले जावे आणि हिमोग्लोबिन, बी-१२ व थायरॉइडची तपासणी व्हावी. या तपासण्या तालुक्याच्या गावीही होतात. त्यांतून काही निघाले नाही, चहा कमी करूनही महिनाभरात फरक पडला नाही, किंवा जगणेच नकोसे वाटू लागले, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जायला उशीर करू नये. जवळ कोणी तज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू केलेली टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते.